आखूड, पण कशाच्या मानाने?

आखूडशिंगी आणि बहुदुधी गाय शोधून सापडत नाही. आखूडशिंगी माशी मात्र प्रत्येक वर्गात असते. मधल्या सुट्टीत पोळीच्या डब्यावर येऊन बसणारी साधी घरमाशी ज्या गटात मोडते त्याचे शास्त्रीय नाव ‘ब्रॅकीसेरा’ असे आहे. ग्रीक भाषेत ‘ब्रॅकीस’ म्हणजे आखूड आणि ‘केरास’ म्हणजे शिंग. कीटकाच्या डोक्यावरची शृंगिका हेच येथे शिंग. डासही दोन पंखांच्या कीटकांतलाच, पण त्याच्या शृंगिका लांब, दोऱ्यासारख्या आणि अनेक पेरांच्या असतात. म्हणून त्याचा गट वेगळा, ‘नेमॅटोसेरा’, म्हणजे धाग्यासारख्या शिंगांचा. एक मेलेली माशी, एक मेलेला डास आणि एक भिंग एवढ्या साहित्यावर सातवीतला मुलगाही हा फरक दाखवू शकतो. ‘आखूडशिंगी’ हा शब्द त्याच्या घरात आधीपासूनच आहे.

तरीही आमच्या पाहण्यात येते ते असे. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत आणि अकरावी-बारावीच्या शिकवण्यांत ग्रीक-लॅटिन उपसर्गांचा एक तक्ता पाठ करवून घेतला जातो. मायक्रो म्हणजे सूक्ष्म, मॅक्रो म्हणजे बृहत्, टेली म्हणजे दूर, ब्रॅकी म्हणजे लघु. विद्यार्थी तो घोकतात, परीक्षेत एखादा गुण मिळवतात, आणि पुढे ‘ब्रॅकी’ने सुरू होणारा शब्द दिसला की निःशंकपणे ‘लघु’ लावून मोकळे होतात. सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे इंग्रजी शास्त्रीय शब्द पुस्तकातूनच येतो आणि दवाखान्याच्या कागदावरूनच पुन्हा भेटतो, तेथे या तक्त्याचे वजन मोठे असते. त्याची थोडी कठोर परीक्षा करावी असे आम्हांस वाटते, कारण ‘ब्रॅकी’ या एकाच ओळीत तो चांगलाच अडखळतो.

प्रथम तक्त्याच्या बाजूने बोलावे. एका परकीय उपसर्गासाठी एक ठरावीक देशी उपसर्ग, ही कल्पना आळशीपणातून आलेली नाही. तिच्यामागे मोठे परिश्रम आहेत. डॉ. रघुवीर यांनी ती सर्वांत काटेकोरपणे राबवली. १९४६ पासून काही वर्षे त्यांचे काम नागपुरातून चाले. त्यांचा प्रचंड इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली निघाला. इंग्रजी शब्द ज्या ग्रीक-लॅटिन तुकड्यांचा बनला असेल त्या प्रत्येक तुकड्याला संस्कृतचा एक तुकडा द्यायचा आणि तो सर्वत्र तोच ठेवायचा, अशी त्यांची रीत होती. तिचा फायदा उघड आहे. शब्दांची कुटुंबे तयार होतात आणि एक ओळखला की दुसरा ओळखता येतो. १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने आणि १९६१ साली दिल्लीत स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने ही रीत इतक्या टोकाला नेली नाही. पण संस्कृत धातू आणि उपसर्गांवर शब्द उभारण्याची सवय तेथेही राहिली, आणि तिचाच घरगुती अवतार म्हणजे वर्गातला हा तक्ता.

आमच्या भागाला हा वाद त्याहून जुना आहे, आणि तो मराठीत नव्हे तर उर्दूत झालेला आहे. १९४८ पर्यंत सिल्लोड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले आणि तेथे वैद्यकासह सारे विषय उर्दूतून शिकवायचे ठरले. त्यासाठी भाषांतराचे एक खाते उघडले गेले. मौलवी अब्दुल हक हे त्या कामातले प्रमुख नाव; त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ठाणे १९३८ पर्यंत आमच्याच जिल्ह्याच्या गावी, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत होते. ‘वजा-ए-इस्तिलाहात’ हा वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा कशी घडवावी यावरचा ग्रंथ १९२१ सालचा. शास्त्रीय शब्द केवळ अरबीतून घ्यावेत या मताला त्यांचा विरोध होता. उर्दूची घडण हिंदुस्थानी भाषांची आहे, तेव्हा हिंदी आणि फारसी प्रत्ययही मोकळेपणाने वापरावेत, असे त्यांचे म्हणणे. अरबीच्या जागी संस्कृत घातले की तोच प्रश्न आपल्यापुढे येतो: विद्वानांच्या भाषेतला ठरावीक तुकडा घ्यायचा, की बोलणाऱ्याच्या तोंडचा?

आता ‘लघु’कडे वळू. मराठीत हा शब्द किती कामे करतो ते पाहा. लघुग्रह आकाराने लहान, लघुकोन अंशांनी कमी, लघुकथा पृष्ठांनी थोडी, लघुलहरी लांबीने कमी, आणि वृत्तातील लघू अक्षर उच्चाराच्या वेळेने अर्धे. (लघुशंका कोणत्या मापाने लघू, हे प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा विचारतोच.) म्हणजे ‘लघु’ फक्त ‘कमी’ एवढेच सांगतो, काय कमी ते पुढच्या शब्दाने सांगायचे. ग्रीक ‘ब्रॅकीस’ही तसाच, लांबी, वेळ, अंतर साऱ्यांना चालणारा. तेव्हा एका मोघम शब्दाला दुसरा मोघम शब्द दिला, यात चूक काय, असे कोणी म्हणेल.

चूक ही की मराठी बोलताना आपण इतके मोघम नसतो. शिंग, बाही, दोरी आखूड असते. माणूस ठेंगणा किंवा बुटका असतो. कपडा तोकडा असतो, म्हणजे नुसता आखूड नव्हे तर हवा त्याहून आखूड. वेळ थोडा असतो. स्वर ऱ्हस्व असतो. आणि रस्ता? ‘हा रस्ता आखूड आहे’ असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ‘हा जवळचा रस्ता’ असे म्हणतात. इंग्रजीत किंवा ग्रीकमध्ये जे एका शब्दात दडून राहते, ते मराठी बोलणाऱ्याला आधी ठरवावे लागते: कशाने कमी, आणि कशाच्या मानाने? तक्ता नेमकी ही सक्ती काढून टाकतो. त्याचा परिणाम कोठे निरुपद्रवी, कोठे घातक होतो, ते काही शब्द घेऊन पाहू.

सर्वांत बोलके उदाहरण डोक्याचे. ‘ब्रॅकीसेफॅलिक’ हा शब्द १८४०च्या दशकात स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ आंदेर्स रेत्सियस यांनी रूढ केला. डोक्याची रुंदी भागिले डोक्याची लांबी, गुणिले शंभर, असा एक निर्देशांक काढायचा. लांबी म्हणजे कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतची. उत्तर ७५ पेक्षा कमी आले तर डोके लांबट, ८० किंवा अधिक आले तर ‘ब्रॅकीसेफॅलिक’. लक्षात घ्या, येथे आखूड आहे ती फक्त पुढून मागची लांबी, आणि तीही रुंदीच्या मानाने. असे डोके घनफळाने मोठेही असू शकते. याला तक्त्याप्रमाणे ‘लघुशीर्ष’ म्हटले तर ऐकणारा काय समजेल? लहान डोके. पण लहान डोक्याची अवस्था, ज्यात मेंदूची वाढच खुंटलेली असते, ती वेगळी. तिचे नाव ‘मायक्रोसेफॅली’. एक आहे डोक्याच्या आकाराचे वर्णन, दुसरी आहे गंभीर वैद्यकीय स्थिती. बाळाच्या कागदावर पहिला शब्द लिहिलेला असताना शिकलेल्या काकाने त्याचा अर्थ दुसरा सांगितला, तर त्या घरात काय होईल याची कल्पना करावी. ‘रुंद डोके’ असे साधे भाषांतर केले की हा घोटाळा उद्भवतच नाही, मात्र त्यात ‘आखूड’ हा शब्द कोठेच नाही. अर्थ राखायचा तर कधीकधी उपसर्ग सोडावा लागतो.

या शब्दाचा महाराष्ट्राशी आणखी एक संबंध आहे आणि तो सुखद नाही. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी डोक्या-नाकांची मापे घेऊन हिंदुस्थानातील लोकांचे वंश ठरवले. १९०८ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कूर्गचे लोक ‘सिथो-द्राविड’ नावाच्या एका गटात घातलेले आहेत. कारण काय, तर डोकी रुंद. रुंद डोकी म्हणजे मध्य आशियातील शकांचे रक्त, असा त्यांचा तर्क होता. एका भागाकाराच्या उत्तरावरून हजारो वर्षांचा इतिहास लिहिला गेला.

हा तर्क ज्यांनी आतून पाहिला अशा एक मराठी संशोधक होत्या, इरावती कर्वे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत गेल्या. तेथे पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा आधार पुरवला गेला. कर्वे यांना विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. ती वंशावर अवलंबून असावी अशी फिशर यांची अपेक्षा. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी तिचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी मापे घेणे थांबवले नाही; १९५१ साली वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पण त्यांचा प्रश्न रिस्लींचा राहिला नव्हता. एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच मुळापासून फुटल्या हे गृहीतच त्यांनी तपासायला घेतले, आणि नाव एक म्हणून मापेही जवळची असतात असे नाही, हे दाखवले. मोजपट्टी तीच, विचारणा वेगळी.

आणि हे माप तरी कितपत पक्के? अमेरिकेत फ्रांझ बोआस यांनी स्थलांतरितांची मुले मोजून १९११ साली दाखवले की नव्या देशात जन्मलेल्या मुलांचा डोक्याचा निर्देशांक आईबापांपेक्षा वेगळा येऊ शकतो. हा बदल किती मोठा, यावर २००२-०३ साली पुन्हा वाद झाला आणि तो पुरता मिटला असे नाही. पण आपल्याकडच्या आजीला यात नवल वाटणार नाही. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी करणारी आणि न्हाऊ घालताना डोक्याला हात फिरवून ‘वळण देणारी’ आजी, डोके घडते असेच मानते. तिच्या उशीचा किती उपयोग होतो हा भाग वेगळा. आजचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्याच्या अंथरुणात उशीच नको म्हणतात. पण पाठीवर झोपणाऱ्या बाळाचे डोके मागून चपटे होते हे खरे आहे. १९९०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत बाळांना झोपेतील अकस्मात मृत्यूपासून वाचवण्यासाठी पाठीवरच झोपवा, अशी मोहीम झाली. हजारो बाळे वाचली आणि चपटी डोकी वाढली. त्या बाळांच्या कागदांवर ‘ब्रॅकीसेफॅली’ हाच शब्द लिहिला जातो. ती शक झाली नाहीत.

याच शब्दाची तिसरी शाखा कुत्र्यांची. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग सर्व देशाला आवडला. या जातीत कवटीची लांबी माणसाने निवड करकरून आखूड केली, परंतु आतला मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाला नाही. तो घशात लोंबतो आणि श्वासाची वाट अडवतो. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात असा कुत्रा पाळणे म्हणजे त्याला रोज कोंडणे आहे. ‘आखूड कवटी’ असे म्हटले की ‘मग आतले मांस कोठे गेले?’ हा प्रश्न आपोआप सुचतो. ‘लघुशीर्ष’ने सुचत नाही.

बोटांकडे येऊ. ‘ब्रॅकीडॅक्टिली’ म्हणजे आखूड बोटे. मराठीत बोटाला पेरे असतात, उसाला असतात तशीच, आणि या स्थितीच्या एका प्रकारात मधले पेर आखूड राहते किंवा शेवटच्या पेराला जुळलेले असते. पेन्सिल्व्हेनियातील एका कुटुंबात पाच पिढ्या ती चालत आलेली विल्यम फॅराबी यांनी नोंदवली, आणि १९०५ सालचा त्यांचा अभ्यास हा मेंडेलचे नियम माणसाला लागू पडतात याच्या पहिल्या पुराव्यांपैकी एक आहे. गुणधर्म प्रभावी, म्हणून आईबापांपैकी एकात असला तरी निम्म्या मुलांत उतरतो.

आता बारावीच्या विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे. आखूड बोटे प्रभावी असतील तर पिढ्यानपिढ्या ती वाढत जाऊन चारांपैकी तिघांची बोटे आखूड का होत नाहीत? १९०८ साली इंग्लंडात हीच शंका गंभीरपणे विचारली गेली होती. तिचे उत्तर दिले जी. एच. हार्डी यांनी, ज्यांनी पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावले तेच. त्यांनी दाखवले की प्रभावी असणे म्हणजे संख्येने वाढत जाणे नव्हे. बाहेरून काही निवड होत नसेल तर विरळ जनुक विरळच राहते. त्यांच्या त्या छोट्या पत्रातील उदाहरण आखूड बोटांचेच होते. आज आपण ज्याला हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणून शिकवतो तो येथून निघाला. वर्गात या नियमाची सुरुवात पी-क्यूच्या समीकरणाने करण्यापेक्षा या शंकेने करावी, असा आमचा अनुभव सांगतो.

पंख आणि शेपूट थोडक्यात. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांत एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही कीटक निपजतात. लांब पंखांचे उडून नव्या शेतात जातात. आखूड पंखांच्या माद्या तेथेच राहून अंडी जास्त घालतात. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला ‘आखूडपंखी दिसू लागले’ हे वाक्य धोक्याची सूचना म्हणून कळते. खेकड्यांचा गट ‘ब्रॅकीयुरा’, म्हणजे आखूडशेपट्या. पावसाळ्यात ओढ्यावर खेकडे धरणारी मुले ती ‘शेपूट’ रोज पाहतात: पोटाखाली मुडपलेला पट्टा, नरात चिंचोळा आणि मादीत रुंद. खरे तर ती शेपूट नसून खेकड्याचे उदर आहे, आणि कोळंबीचे उदर शेजारी ठेवले की कशाच्या मानाने आखूड तेही कळते.

जेथे ‘लघु’ शोभतो अशीही एक जागा आहे. इंग्रजीत जुन्या काळी शॉर्टहँडला ‘ब्रॅकीग्राफी’ म्हणत. ग्रीकवरून त्याच कलेची आणखी दोन नावे आहेत, एक ‘चिंचोळे लेखन’ अशा अर्थाचे आणि दुसरे ‘शीघ्र लेखन’ अशा अर्थाचे. मराठीने ‘लघुलेखन’ घेतले आणि ते बसले.

काही शब्दांत मात्र नुसता आवाज फसवतो. ‘ब्रॅडी’ हा निराळा उपसर्ग आहे. त्याचा अर्थ मंद. हृदयाचे ठोके मिनिटाला साठाच्या खाली गेले की त्याला ‘ब्रॅडीकार्डिया’ म्हणतात. देवनागरीत ‘ब्रॅडी’ आणि ‘ब्रॅकी’ यांत एकाच अक्षराचा फरक, आणि घोटाळा करणारे आपणच आहोत असेही नाही. काही इंग्रजी वैद्यक कोशांत ‘ब्रॅकीकार्डिया’ असा शब्द ‘ब्रॅडीकार्डिया’ला पर्याय म्हणून नोंदलेला सापडतो. मराठीत ‘नाडी मंद’ म्हणणारा माणूस ‘नाडी आखूड’ कधीच म्हणणार नाही. उलट ‘ब्रॅकियल’ धमनी, जिच्यावर रक्तदाब मोजतात, तिचा अर्थ दंडातील धमनी. ग्रीक ‘ब्रॅकिऑन’ म्हणजे दंड. दंड हा हाताचा आखूड भाग म्हणून ते नाव पडले असे सांगतात. त्याच दंडावरून ‘ब्रॅकिओसॉरस’ या डायनासोरचे नाव आले आहे, आणि त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब होते. तक्त्याच्या भरवशावर राहणारा विद्यार्थी त्याला ‘लघुसरडा’ करील.

‘ब्रॅकीस्टोक्रोन’ या शब्दात आखूड आहे तो वेळ. १६९६ साली योहान बेर्नूली यांनी युरोपातील गणितज्ञांना आव्हान दिले: एका बिंदूपासून खालच्या, पण सरळ खाली नसलेल्या दुसऱ्या बिंदूपर्यंत मणी घर्षणाशिवाय घसरत न्यायचा आहे, कोणत्या वाटेने तो सर्वांत लवकर पोहोचेल? न्यूटनने १६९७च्या जानेवारीत एका रात्रीत उत्तर काढले, अशी प्रसिद्धी आहे. उत्तर सरळ रेषा नव्हे, तर चक्रज, म्हणजे फिरत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू जी रेघ काढतो ती, उलटी धरलेली. ही वाट सरळ रेषेपेक्षा लांब आहे, पण सुरुवातीलाच खोल उतरल्याने मण्याला वेग लवकर मिळतो. याला कोणी ‘लघुतम वक्र’ म्हणेल तर ते विधान धडधडीत खोटे होईल. ‘अल्पतम-काल वक्र’ जड आहे, पण खरे आहे. विद्युत-वाहिनीची प्लास्टिकची पन्हळ वाकवून दोन वाटा करा आणि दोन गोट्या एकदम सोडा. शब्द नंतर सांगितला तरी चालेल.

शेवटी ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे येऊ: ‘ब्रॅकीथेरपी’. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उपचारात हा शब्द येतो. आमच्या तालुक्यातून अशा स्त्रिया पासष्ट किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला, काही मुंबईला टाटा रुग्णालयात जातात, आणि त्यांच्या हातात जी फाइल असते तीत हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो. घरातील दहावी-बारावीला असलेली मुलगी तो वाचते. तक्ता तिला काय सांगेल? लघू चिकित्सा. छोटा उपचार. मोठा उपचार, म्हणजे पाचेक आठवडे रोज यंत्राखाली झोपून घेतलेली ‘लाइट’, संपला आहे. घरच्यांची सोयाबीन-मक्याची कामे खोळंबली आहेत. राहिलेला तो छोटासा. तो पुढे ढकलला तर काय बिघडले?

बिघडते ते असे. ‘ब्रॅकी’ येथे उपचाराची लहानमोठी प्रत सांगत नाही आणि वेळही सांगत नाही. ते अंतर सांगते. हे नाव स्वीडनचे गोस्ता फॉर्सेल यांनी १९३१ साली सुचवले: किरणांचा स्रोत दूर ठेवून केलेला तो ‘टेली’, स्रोत गाठीच्या अगदी जवळ किंवा आतच ठेवून केलेला तो ‘ब्रॅकी’. वेळेचा येथे संबंध नाही याचा पुरावा याच उपचाराच्या इतिहासात आहे. रेडियमच्या काळात स्रोत शरीरात एक-दोन दिवस किंवा अधिक ठेवीत. आज इरिडियम-१९२ चा काही मिलिमीटरचा तुकडा तारेच्या टोकावरून आत जातो आणि काही मिनिटांत परत येतो. इरिडियमचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. म्हणजे नव्या स्रोताने जे काम पाच मिनिटांत होते त्याला अडीच महिन्यांनी दहा मिनिटे लागतात. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात तर आयोडीन-१२५ चे दाणे कायमचे आत ठेवतात. डोळ्यातील गाठीसाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्टीच्या टाकाऊ द्रवातून रुथेनियम-१०६ वेगळे काढून चकत्या बनवल्या आहेत. त्या काही दिवस डोळ्याला टाचून ठेवतात. मिनिटे, दिवस की कायम, नाव एकच. कारण कायम राहिले आहे ते जवळचे अंतर.

ते अंतर एवढे महत्त्वाचे का, हे नववीच्या गणिताने सांगता येते. बिंदूएवढ्या स्रोतापासून निघणारी किरणे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होतात. १ सेंटिमीटरवर मात्रा १०० धरली तर २ सेंटिमीटरवर २५, ५ सेंटिमीटरवर ४, आणि १० सेंटिमीटरवर १. (प्रत्यक्षात स्रोत बिंदू नसतो आणि वाटेतील मांस काही किरणे शोषते, पण चित्र साधारण हेच.) गाठीला भरपूर, शेजारच्या मूत्राशयाला आणि गुदाशयाला कितीतरी कमी. बाहेरून एवढी मात्रा द्यायची तर मधले निरोगी भाग आधी भाजून निघतील. म्हणून हा टप्पा बाहेरच्या लाइटचे शेपूट नाही. गाठीवरचा निर्णायक घाव तोच आहे, तो गाळला तर रोग उलटण्याची शक्यता वाढते, आणि दोन्ही मिळून सारा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवण्याचा डॉक्टरांचा आग्रह असतो तो यासाठीच.

याला मराठीत काय म्हणावे? फ्रेंचांनी ग्रीक उपसर्गाची वाट धरलीच नाही. क्यूरी दांपत्याच्या नावावरून ते ‘क्यूरीथेरपी’ म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही. आम्ही ‘निकट किरणोपचार’ सुचवू, आणि बोलताना ‘आतून लाइट’. पहिला शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत चालेल, दुसरा एसटीत. ‘निकट’ हे ‘ब्रॅकीस’चे शब्दकोशातले भाषांतर नव्हे हे आम्हांस ठाऊक आहे. पण ‘जवळचा रस्ता’ म्हणणाऱ्या मराठीला ते परके वाटणार नाही, आणि ‘दूर’च्या जोडीला ते नीट उभे राहते.

एक शंका मात्र ‘आतून लाइट’ म्हटले की हमखास येते आणि तिचे उत्तर वर्गात देऊन ठेवावे: किरणे अंगात राहतील का, नातवंडाला जवळ घ्यायचे की नाही? स्रोत कायम आत ठेवला असेल तर डॉक्टर काही दिवसांचे वेगळे नियम सांगतात. गर्भाशयमुखाच्या उपचारात इरिडियमचा तुकडा ठरलेली मिनिटे संपताच तारेसह यंत्राच्या शिशाच्या किंवा टंगस्टनच्या पेटीत परत जातो. मागे काहीही राहत नाही. बाई त्याच दिवशी नातवंडाला मांडीवर घेऊ शकते.